जादूची किंमत कोण भरतं: सईच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय सई,

कल्याणच्या आजीने व्हिडिओ कॉलवर आदित्यराणूबाईची कहाणी वाचून दाखवली. ती संपल्यावर तू मला विचारलंस, "आई, तुमच्या गोष्टींत जादूला नियमच नसतात. देव रागावला की सगळं जातं, खूश झाला की परत येतं. म्हणून मराठीत फँटसी झाली नाही का?" 'तुमच्या गोष्टी' हे जरा लागलं, खरं सांगते. पण प्रश्न चांगला आहे आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू दिलेल्या कादंबऱ्या आता वाचून झाल्यात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' (2006) तुला इतकी का आवडते ते कळलं. धातूचे कण गिळायचे आणि पोटात 'जाळायचे'. कथिलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात, पोलादाने जवळचा धातू ढकलता येतो, लोखंडाने ओढता येतो. जमिनीवर पडलेलं नाणं ढकललं तर ते जागचं हलत नाही, ढकलणारी नायिका व्हिन हवेत उडते. हिशोब इतका चोख की लढाईत पुढे काय होईल याचा अंदाज आपल्यालाही बांधता येतो. सँडरसनचं म्हणणंच तसं आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात तिच्या जोरावर संकट सोडवावं. मला हे पटतं. तरी माझं मन तिथे पूर्ण रमलं नाही, कारण त्या जादूची किंमत इंधनासारखी आहे. धातू संपला की ताकद संपते, नवा गिळला की परत येते. हॅथसिनच्या खाणीत कैदी स्फटिकांच्या फटींत हात घालून दुर्मिळ धातू अ‍ॅटियम शोधतात आणि त्यांचे दंड कायमचे चिरलेले राहतात, ती पानं मला सगळ्यात खरी वाटली. पण कथा तिथे फार थांबत नाही.

एन. के. जेमिसिन तिथेच थांबते. 'द फिफ्थ सीझन'मध्ये (2015) भूकंप शमवायला ओरोजीन (जमिनीची ताकद वळवू शकणारा) माणूस भोवतालची उष्णता ओढून घेतो. त्याच्याभोवती हिमाचं वर्तुळ पडतं आणि त्यात जे जिवंत असेल ते गोठून मरतं. म्हणजे खर्च शेजारच्याच्या खात्यावर. पुढे नोडवर, म्हणजे भूकंप आवरण्याच्या ठाण्यावर, खुर्चीला जखडून, गुंगीत ठेवलेलं मूल दिसतं आणि साम्राज्याची स्थिर जमीन कशावर उभी आहे ते एका प्रसंगात कळतं. या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016 ते 2018 अशी लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो हे विज्ञानकथा-फँटसीचं पारितोषिक मिळालं, आणि ते योग्यच होतं. नायिका एसुनचा भाग 'तू' असं संबोधून लिहिलाय, त्याला सरावायला मला वेळ लागला. सरावल्यावर मात्र दुसरी रीत चाललीच नसती असं वाटलं.

ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) तुला संथ वाटलं. मला त्यातला रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेतला एक विचार फार मोलाचा वाटतो: एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. तिथला विद्यार्थी गेड, त्याच्या गर्वामुळे जगाला जी भेग पडते, ती बुजवताना शाळेचा म्हातारा प्रमुख नेमर्ल मरतो. चूक विद्यार्थ्याची आणि जीव गुरूचा. ही पुस्तकं वाचताना मी प्रत्येक वेळी एवढंच पाहत होते की जादूची किंमत कोण भरतं, आणि लेखक त्या माणसाकडे बघतो की नाही.

आता ती कहाणी याच नजरेने परत बघ. तू म्हणतेस नियम नाहीत. अगं, नियमांचीच तर कहाणी आहे! श्रावणातल्या पहिल्या आदितवारी मौनाने उठायचं, विड्याच्या पानावर रक्तचंदनाची राणूबाई काढायची, सहा रेघांचं मंडल, सहा सुतांचा तातू, तातूला सहा गाठी. आणि आधी अट: उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. ब्राह्मणाची एक मुलगी राणी झालेली. ती बापाला म्हणते, मला कहाणी ऐकायला वेळ नाही. तिचं सगळं जातं. बहीण तिच्या मुलांच्या हाती होनमोहरा पाठवते, कधी कोहळ्यात, कधी पोखरलेल्या काठीत, कधी नारळात, आणि दर वेळी ते वाटेत हिरावलं जातं. हा नियमच आहे, सई, आणि सँडरसनइतकाच कडक आहे. एकीचं देणं दुसरीला फेडता येत नाही. राणी स्वतः येऊन कहाणी ऐकते, वसा घेते, तेव्हाच गाठ सुटते.

पण तुझं अर्धं म्हणणं मला मान्य करावंच लागतं. राणीने केलं काय? तिला वेळ नव्हता, एवढंच. त्यासाठी मुलांनी भीक मागावी हे प्रमाण मला लहानपणीही पटायचं नाही. आमच्याकडे श्रावणात माईआजी वाचायची आणि आम्ही हातात अक्षता धरून बसायचो, कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही. आवडायचं ते 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होणारं जग. ते कुठे आहे असं कुणी विचारायचं नाही, नकाशा लागायचा नाही. खुपायचं ते असं की वसा बाईनेच घ्यायचा, विसरली तर बाईच विसरली आणि घर बुडालं तर तिच्यामुळे. मोठ्या माणसांपैकी हे कुणी बोलून दाखवायचं नाही. आजीला तू हे विचारलंस तर ती रागावणार नाही, पण उत्तरही देणार नाही बहुधा.

सगळ्या कहाण्या अशा नाहीत, हेही सांगायला हवं. सोमवारची खुलभर दुधाची घे. राजा हुकूम काढतो की गावातलं सगळं दूध देवळात आणा, महादेवाचा गाभारा भरायचा. लोक भीतीने वासरांना, पोरांना न पाजता दूध आणतात. गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्यांना आणि वासरांना पोटभर देते, उरलेलं खुलभर आणते, आणि गाभारा भरतो. इथे किंमत कुणावर लादली जाते हाच कथेचा कणा आहे आणि राजाला तो शिकावा लागतो. जेमिसिनच्या शेजारी मी ही कहाणी न संकोचता ठेवेन.

मराठीत फँटसी झाली नाही, हे मात्र बरोबर नाही. झाली, पण दुसऱ्या कप्प्यांत गेली. खांडेकरांची 'ययाति' (1959) आम्ही 'पौराणिक' म्हणून वाचली. बाप आपलं म्हातारपण धाकट्या मुलाला देतो आणि त्याचं तारुण्य घेतो, याहून उघड किंमत कुठल्या कादंबरीत आहे? नारायण धारपांच्या, अघोरी शक्तींशी लढणाऱ्या समर्थांच्या गोष्टी नंदूमामा वाचनालयातून आणायचा. त्या 'भयकथा' होत्या, रात्री वाचायच्या नाहीत. चांदोबातला वेताळ 'मुलांचा' होता. पण त्याचा नियम बघ: राजाने मौन पाळायचं, उत्तर माहीत असून दिलं नाही तर डोक्याची शकलं, दिलं तर मौन मोडलं आणि प्रेत परत झाडावर. दोन्हीकडून अडकलेला माणूस, आणि त्यावर पंचवीस गोष्टी उभ्या. जी. ए. कुलकर्णींची 'रमलखुणा' (1975) 'साहित्य' होती. त्यातल्या दोन्ही दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', पूर्णपणे कल्पित मुलखात घडतात. ही सगळी पुस्तकं एका फळीवर लावून कुणी आमच्यापुढे ठेवली नाहीत, म्हणून तुला ती दिसली नाहीत.

आणि नारळीकर. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये प्राध्यापक गायतोंडे वेगळ्याच मुंबईत पोचतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात, कारण 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावाला लागायची गोळी त्याच्या कानाजवळून निघून जाते. जग बदलायला एवढी एकच गोष्ट हलवली आहे. पर्यायी इतिहास लिहिताना बहुतेक लेखक दहा गोष्टी एकदम बदलतात, मग काय कशामुळे झालं ते कळत नाही. इथे ती चूक नाही. शेवटी त्यांचा मित्र राजेंद्र जे वैज्ञानिक स्पष्टीकरण देतो ते मला थोडं लांबलेलं वाटतं, तुला कदाचित तेच आवडेल.

तुझ्या यादीतलं सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (2020) मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला तेच सगळ्यात जवळचं वाटलं. अनंत दालनांचं ते घर, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्यावर ढग. तिथला माणूस भरतीची वेळापत्रकं करतो, आपल्या वह्यांची अनुक्रमणिका ठेवतो, तेरा मृतांच्या हाडांना अन्नपाणी आणि पाण्यातली कमळं नेऊन देतो. घर त्याच्याकडून स्मृती घेतं, ही किंमत. पण हाडांची सेवा त्याला कुणी सांगितलेली नाही, चुकली तर शिक्षाही नाही. असा वसा मला चालला असता. आजीचा वसाही तिच्या मनात असाच असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तू जी गोष्ट लिहिते आहेस तिच्यात कहाणी आणायची असेल तर माझं म्हणणं एवढंच की देवांची नावं आणि साड्या आणू नकोस. तेवढ्याने पुस्तक वरवर आपलं दिसतं आणि आत तोच जुना राजपुत्र निघतो. नियम उचल: दुसऱ्याचं देणं फेडता येत नाही, आणि मदत वाटेत हरवते. राणीच्या बाजूने लिहिलंस तर मला वाचायला आवडेल. नको वाटलं तर तेही ठीक.

वाचायचं असेल तर आधी नारळीकर घे. गंगाधरपंतांची गोष्ट इंग्रजीत 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने भारतातल्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे, आणि 'वामन परत न आला'चंही इंग्रजी पुस्तक आहे. मग 'ययाति'. 'रमलखुणा' एकटीने वाचू नकोस, मराठी अवघड आहे आणि पहिल्या दहा पानांतच सोडून देशील. ती मी मोठ्याने वाचेन, तू मधेच थांबवून विचारायचं. शनिवारी सकाळी तुला वेळ असतो का ते सांग.

तुझी,
आई