एफ ०.९५ च्या नादी लागण्याआधी

पोरी,

मेसेज वाचला. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के कॅमेरा सेकंडहँड मिळाला, छान झालं. आता चाळीस हजार उरलेत आणि जीव अडकलाय त्या २५ मिमी एफ ०.९५ लेन्समध्ये (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). जरा थांब.

आधी हिशेब कर. तुझ्या कॅमेऱ्याला दोन मूळ आयएसओ, म्हणजे उजेड टिपायच्या संवेदनशीलतेचे आकडे आहेत, ४०० आणि ३२००. मध्ये बरोबर तीन स्टॉप, दर स्टॉपला दुप्पट. एफ २.८ पासून तीन स्टॉप उघडत गेलीस तर २, १.४, १. म्हणजे ४०० वर एफ १ ची लेन्स जेवढं एक्स्पोजर देईल, तेवढंच ३२०० वर साधी २.८ देते. अंधाराची सोय कॅमेऱ्याबरोबर आलीच आहे, तिचे पैसे परत काचेत कशाला घालतेस? (आणि १००० वर अडकून बसू नकोस. १२५० पासून कॅमेरा दुसऱ्या सर्किटवर जातो, तिथे नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, उलट कमी दिसतो.)

तू म्हणशील, माणसामागचं सगळं धूसर होऊन विरघळायला हवंय. मलाही तेव्हा हवं असायचं. फोकस पुलर होतो, म्हणजे शॉट चालू असताना फोकसची रिंग सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. चाळीतल्या खोलीत रात्रीचा सीन, ५० मिमी, पूर्ण उघडी, १.४ वर. बाई खाटेवर बसून पत्र वाचतात आणि मान वर करून बोलतात. टेप लावून दीड मीटर मोजलं, रिंगवर खूण केली. टेकमध्ये बाई बोलता बोलता पुढे झुकल्या, फार नाही, चार बोटं. टेक सगळ्यांना आवडला. रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, मोठ्या पडद्यावर लागले तेव्हा कानातली कुडी लखलखीत आणि डोळे गेलेले. कॅमेरामन एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. तुझ्या सेन्सरवर त्या अंतराला, त्या लेन्सला, १.४ वर शार्प पट्टा चार सेंटीमीटरचाही नसतो. आणि तुझ्याकडे फोकस पुलर नाही, ऑपरेटर तूच, पुलरही तूच.

म्हणून १.४ किंवा २ असलेली लेन्स जरूर घे, पण रोजचं काम २.८ वर कर. बहुतेक जुन्या लेन्स पूर्ण उघडल्या की दुधाळ होतात, दोन स्टॉप बंद केल्या की रंगात येतात.

माझं मत जुन्या मॅन्युअल निकॉरला, म्हणजे निकॉनच्या लेन्सना. ३५ मिमी एफ २ शोध. ईएफ (कॅननचा माउंट) ते एमएफटी (तुझ्या कॅमेऱ्याचा माउंट) असा ०.७१ चा फोकल रिड्यूसर घे, म्हणजे लेन्सचं चित्र आकसून जास्त उजळ करणारा अ‍ॅडॉप्टर; त्यावर निकॉन ते ईएफची साधी रिंग. निकॉनचं फ्लँज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, ४६.५ मिमी, ईएफचं ४४, त्यामुळे रिंगला जागा मिळते. कॅननच्या जुन्या एफडीचं ४२, तिथे ही युक्ती चालत नाही, स्वस्त दिसली तरी घेऊ नकोस. रिड्यूसर एक स्टॉप वाढवून देतो, तुझी ३५ एफ २ साधारण २५ एफ १.४ होते. पुढे मित्राची ईएफ लेन्स मिळाली तर तीही त्याच रिड्यूसरवर बसेल.

ऑटोफोकसच्या स्वस्त ५० एफ १.८ वाल्या नव्या लेन्सचा मोह होईल. फोटोला उत्तम. पण फोकसची रिंग मोटरवर चालते, टोकाला थांबत नाही, त्यामुळे खूण टिकत नाही. निकॉरची रिंग दगडासारखी थांबते. फक्त ती कॅननच्या उलट दिशेला फिरते, हाताला आठवडाभर शिकव.

एनडीचे, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काळ्या फिल्टरचे, पैसे बाजूला काढ. तुझ्या कॅमेऱ्यात आतला एनडी नाही, दुपारच्या उन्हात १८० डिग्री शटर (हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून ठेवायचा शटरचा वेळ) ठेवून २.८ उघडता येणार नाही. २८ एफ २.८, ३५ एफ २, ५० एफ १.८ या जुन्या निकॉर सगळ्या ५२ मिमी फिल्टरच्या, एकच एनडी पुढेही चालेल.

घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि तिरकं बघ. धुळीचे चार कण असू देत. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत दे, पैसे कितीही कमी करोत. रिंग फिरव, कुठे कोरडी खरखर किंवा मध्येच सैल लागते का बघ. अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेल चमकत असेल तर भावात घासाघीस कर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे. माझी एक ८५ मिमी लेन्स केसमध्येच मेली, केस मात्र अजून नव्यासारखी आहे.

शनिवारी मी फोर्टात बोरा बाजारला एक लेन्स दुरुस्तीला टाकायला जातोय. यायचं तर अकराला सीएसएमटीसमोर ये. कॅमेरा आण, अ‍ॅडॉप्टर रिंग आण, घासाघीस मी करतो.

तुझा,
काका