सोबत जमत नाही, म्हणून सहल सोडायची का?

‘थीम पार्कला जायचंय, पण बरोबर यायला कुणी नाही. एकट्यानं गेलं तर चालेल का?’ समुपदेशन करताना इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न माझ्याकडे क्वचितच येतो. तो दुसऱ्याच कुठल्या तरी तक्रारीच्या पोटात दडलेला असतो आणि बोलता बोलता बाहेर येतो. तेव्हा विचारणाऱ्याचा आवाज हमखास खाली गेलेला असतो. नर्मदा परिक्रमेला एकट्यानं निघालेल्या माणसाच्या आपण पाया पडतो. कामानिमित्त एकट्यानं महिनाभर परगावी राहणाऱ्याला कुणी ‘का?’ म्हणून विचारत नाही. मोठ्या माणसानं निव्वळ मजेसाठी, तेही राइडमध्ये बसायला, एकट्यानं जायचं म्हटलं की मात्र सांगायची चोरी होते.

ज्याच्याबद्दल लिहितेय तो पस्तिशीतला, अविवाहित, मूळचा सांगलीकडचा, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायला त्याची परवानगी आहे. तो आला होता झोपेची तक्रार घेऊन. रविवारी संध्याकाळपासून छातीवर दडपण, सुटीच्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही, फोन बघत दिवस जातो. अशा वेळी मी आधी नैराश्याची चाचपणी करते: झोप, भूक, कामातलं लक्ष, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. ती पायरी मी कधीही गाळत नाही. नैराश्य खोल असेल तर आधी उपचार. विमानाचं तिकीट हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याच्या बाबतीत तसं नव्हतं. कामावर तो चोख होता, जेवणखाण ठीक होतं. फक्त आयुष्यातली हौस नावाची गोष्ट त्यानं पुढे ढकलून ठेवली होती.

ती हौस होती रोलर कोस्टरची. कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मित्रांचा एक ग्रुप होता आणि त्या ग्रुपवर सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कला जायचा बेत कितीतरी वर्षं नुसता शिजत होता. एकाला बाळ झालं, एकाचे घराचे हप्ते सुरू झाले, एकजण दर वेळी ‘मार्चनंतर बघू रे’ म्हणायचा. कुणाचंच काही चुकत नव्हतं. तो मात्र दर वर्षी रजा साठवायचा आणि दर वर्षी ती वाया जायची.

मी त्याला म्हटलं, ‘त्या राइडबद्दल मला सांग, मला त्यातलं काही कळत नाही.’ तोवर माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत बोलणारा हा माणूस खुर्चीत पुढे सरकला. खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कात ‘नायट्रो’ नावाचा कोस्टर आहे, तो बॉलिगर अँड माबिलार या स्विस कंपनीनं बनवलाय, त्याच्या डब्यांना खाली जमीनच नसते, पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि रूळ पाच वेळा उलटा फिरवतो. सिंगापूरला ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या कोस्टरचे दोन रूळ आहेत, लाल आणि निळा. लाल रुळावर माणूस नेहमीसारखा बसतो आणि निळ्यावर रुळाखाली टांगलेला असतो. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटतात. हे सांगताना त्याचे हात हवेत वळणं काढत होते. मी वहीत लिहून ठेवलं की इच्छा जिवंत आहे आणि ती त्याची स्वतःची आहे, कुणाचे फोटो बघून आलेली नाही. निर्णयात या नोंदीला मी फार वजन देते.

‘मग अडलंय कुठे?’ या प्रश्नावर तो म्हणाला, ‘मॅडम, सगळे कुटुंबं घेऊन येतात. मी एकटा घोडा रांगेत उभा. लोक म्हणतील, याला कुणी नाही का? आणि आईला काय सांगू? ती आधीच म्हणते, एकटाच फिरतोस, अशानं लग्न कसं जमायचं.’

इथे मी त्याला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. रेबेका हॅमिल्टन आणि रेबेका रॅटनर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१५मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसं एकट्यानं करायला कचरतात ती मुख्यतः मजेची कामं, आणि तीही चारचौघांत दिसतील अशी. किराणा आणायला एकट्याला लाज वाटत नाही, सिनेमाला वाटते. त्यांनी विद्यापीठातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना जवळच्या कलादालनात पाच-दहा मिनिटं जाऊन यायला सांगितलं. एकट्यानं निघालेल्यांचा अंदाज होता की आपल्याला सोबत असलेल्यांपेक्षा कमी मजा येईल. प्रत्यक्षात दोघांना सारखीच आली. अंदाज चुकला होता, आणि अशा अंदाजावर आपण वर्षानुवर्षं बेत रद्द करत असतो.

तो विचारात पडला, पण लगेच म्हणाला, ‘ते अमेरिकेतलं झालं.’ बरोबरच होतं. कुठलाही अभ्यास एका माणसाचा निर्णय घेत नाही. म्हणून त्याचा स्वतःचा प्रयोग करायचं ठरलं: सिंगापूरचा विषय बाजूला ठेवायचा आणि एक दिवस एकट्यानं इमॅजिकाला जायचं. पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं, नाही आवडलं तर अर्ध्यातून परतता येतं.

मी वापरते ती पद्धत मुळात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजेच आरईबीटी: त्रास देणाऱ्या समजुती तपासून बदलायच्या. मराठीत ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना लाज घालवायचे गृहपाठ देत. एक गृहपाठ असा की न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पुढचं स्टेशन मोठ्यानं ओरडून सांगायचं आणि डब्यातच थांबायचं. लोक बघतात, आणि आपण जिवंत राहतो. आमच्या माणसाचा गृहपाठ त्या मानानं सौम्य होता. जाण्याआधी त्यानं कागदावर अंदाज लिहायचे होते आणि आल्यावर त्यांच्यासमोर घडलेलं. त्यानं लिहिलं: रांगेत लोक बघतील, खात्री शंभरात ऐंशी, कुणीतरी ‘एकटेच का?’ विचारणार, मजा दहापैकी तीन.

तो जानेवारीतल्या एका मंगळवारी गेला. शाळांच्या सहलींचे दिवस, त्यामुळे सगळीकडे रंगीत टोप्यांची पोरं. ज्याची धास्ती होती तो प्रश्न आलाच. ‘डीप स्पेस’ नावाच्या कोस्टरच्या रांगेत दहा-अकरा वर्षांच्या एका मुलानं विचारलं, ‘काका, तुम्ही एकटेच आलात?’ हा म्हणाला, ‘हो.’ मुलाचा पुढचा प्रश्न होता, ‘मग तुम्ही पुढे बसणार का मागे?’ त्याला कोस्टरवर मागच्या सीटला जास्त झटका का बसतो हे यानं समजावून सांगितलं आणि मग ती चार-पाच पोरं पुढची तीन राइड याला शोधत येत होती.

हे ऐकायला गोड वाटतं, पण कागदावर दुसरीही नोंद होती आणि मला ती जास्त मोलाची वाटते. दुपारचं जेवण: दहापैकी दोन. ट्रे घेऊन टेबल शोधताना त्याच्या पोटात गोळा आला. आजूबाजूला घरून आणल्यासारख्या गप्पा चाललेल्या, आणि याच्या ताटासमोर रिकामी खुर्ची. अर्धं टाकून तो उठला. नायट्रो: दहापैकी नऊ. पण उतरल्यावर ‘काय भारी होतं रे!’ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, आणि ते त्याला लागलं.

मी ते नाकारलं नाही. सोबतीनं चव वाढते हे खरंच आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा २०१४चा एक प्रयोग आहे. त्यात दोन माणसं न बोलता एकाच वेळी तेच चॉकलेट खातात, तर गोड चॉकलेट जास्त आवडतं आणि कडू जास्तच नकोसं वाटतं. आनंद वाटल्यानं वाढतो म्हणतात त्यात तथ्य आहे. जो समुपदेशक ‘एकट्यानं जाण्यात जास्त मजा’ असं सरसकट सांगतो, त्याचं मला पटत नाही.

पण मग मी त्याला विचारलं, ‘तू एकट्याच्या सहलीची तुलना कशाशी करतोयस?’ तो म्हणाला, ‘मित्रांबरोबरच्या.’ मी म्हटलं, ‘ती सहल आहे का? या वर्षी, या रजेत, ती तुझ्यापुढे आहे का?’ तो बराच वेळ गप्प राहिला. त्याच्यापुढे खरे पर्याय दोनच होते: एकट्यानं सिंगापूर, किंवा खोलीत फोन बघत संपणारी आणखी एक रजा. मित्रांबरोबरची सहल मनातली होती. ती सुंदर होती, त्यात कुणी दमत नव्हतं, कुणाचं बाळ रडत नव्हतं, आणि तिच्यासमोर प्रत्यक्षातली कुठलीही सहल फिकीच पडली असती. एकट्यानं जावं की नाही या प्रश्नावर माणसं अडतात ती बहुतेक वेळा इथे. सुटीच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून, त्या तारखांना खरोखर काय काय होऊ शकतं एवढंच कागदावर लिहिलं की गाठ सुटायला लागते.

त्यानं जायचं ठरवलं. मग आम्ही दोन सत्रं निव्वळ तयारीवर घालवली, कारण दहापैकी दोन मिळालेलं जेवण सिंगापुरातही भेटणार होतं. जेवायची वेळ गर्दीच्या आधी, अकराच्या सुमारास. पार्क बंद झाल्यानंतरचे तास सगळ्यात कठीण, म्हणून प्रत्येक संध्याकाळ आधीच ठरवलेली: एक दिवस लिटल इंडियात डोसा, एक दिवस गार्डन्स बाय द बे. तिथल्या उंच कृत्रिम झाडांवर पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा खेळ असतो, त्याला पैसे पडत नाहीत. रोज ठरावीक वेळी बहिणीला फोन. खर्चाचंही बोललो. पॅकेजचे दर बहुधा खोलीत दोघं धरून असतात, एकट्याला खोलीचा भार पूर्ण उचलावा लागतो; हे आधी माहीत असलं की ‘एकटा म्हणून लुटलं’ असं वाटत नाही. बायका मला सुरक्षिततेचं विचारतात, आणि ती काळजी लाजेच्या खात्यात टाकून उडवून लावण्यासारखी नाही. मुक्काम कुठे आहे ते घरच्या एकाला कळवून ठेवावं, रात्री परतायचा मार्ग आधी बघावा, त्या देशाचे तातडीचे क्रमांक जवळ ठेवावेत. सिंगापुरात पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५. पाठीचं, मानेचं, हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोस्टर नकोच. एकट्या माणसाला चक्कर आली तर सावरायला शेजारी ओळखीचं कुणी नसतं.

आईला काय सांगायचं याची आम्ही चक्क तालीम केली. स्पष्टीकरणं, कारणमीमांसा, ‘आजकाल सगळे जातात’ वगैरे काही नाही. फोनवर त्यानं सांगितलं, ‘आई, मी चार दिवस सिंगापूरला फिरायला चाललोय, एकटाच.’ आई म्हणाली, ‘एकटाच? कुणी विचारलं तर काय सांगू?’ तो म्हणाला, ‘सांग, फिरायला गेलाय.’ पलीकडे जरा शांतता, मग ‘जेवणाचं काय करशील तिकडे?’ त्याला राग यायच्या ऐवजी हसू आलं. लोकांच्या नजरेइतकीच तिला त्याच्या जेवणाची काळजी होती.

सेंटोसा बेटावरच्या त्या पार्कमध्ये काही राइडना ‘सिंगल रायडर’ अशी वेगळी रांग असते. ओळीत चार जागा आणि आलेले तिघं, की एक जागा रिकामी जाते. ती भरायला एकट्या माणसाला पुढे बोलावतात, म्हणून ही रांग बरेचदा लवकर सरकते. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि त्याची लाडकी बॅटलस्टार, तिन्हीकडे तो त्या रांगेतून गेला. निळ्या रुळावर किती वेळा बसलो ते मोजायचं सोडून दिलं, म्हणाला. परत आल्यावर त्यानं जे सांगितलं ते मला फार खरं वाटलं: ‘कुणाला चल ना, अजून एकदा, असं विनवावं लागलं नाही. कुणी दमलं म्हणून थांबावं लागलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मात्र करमेना, तेव्हा बहिणीशी तासभर बोललो.’ झोपेची तक्रार या सहलीनं पूर्ण गेली नाही. रविवारचं दडपण अजून येतं आणि त्यावर आमचं काम चालू आहे. साठलेली रजा मात्र आता वाया जात नाही.

हे वाचून कुणी लगेच तिकीट काढू नये म्हणून दुसरी एक हकीकत सांगते. पन्नाशीच्या आतल्या एक ताई, घटस्फोट होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना हाँगकाँगच्या डिस्नेलँडला एकटीनं जायचं होतं. पूर्वी नवरा आणि मुलीबरोबर गेल्या होत्या तेच हॉटेल, तोच महिना. ‘मला एकटीला जमतं हे दाखवायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाला?’ या प्रश्नावर त्यांना रडू आलं. राइडबद्दल विचारलं तर त्यांना एकाही राइडचं नाव सांगता आलं नाही. सगळ्या आठवणी त्या दोघांच्या होत्या. तिथे मी स्पष्ट म्हणाले की आत्ता नको. त्याच खुर्च्या, तीच रांग, आणि सावरायला कुणी नाही, हे धाडस नव्हे, जखमेवरची खपली काढणं आहे.

आणि इथेही मी तोच कागद पुढे केला: तुमच्यापुढे खरोखर कोणते पर्याय आहेत? त्यांनी एकटीचा बेत लिहिला, घरी राहणं लिहिलं आणि थांबल्या. चौदा वर्षांची मुलगी वडिलांकडे राहते, मे महिन्यात तिला सुटी असते. तिला विचारलंत का? नव्हतं विचारलं. ती ‘नाही’ म्हणाली तर, या भीतीनं त्यांनी एकटीनं जायचं आधीच ठरवून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं. हाँगकाँगचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘आपण दोघी कुठेतरी जाऊ या का?’ मुलीनं विचारलं, ‘किती दिवस?’ जागा आणि तारखा अजून ठरायच्या आहेत.