रात्री साडेअकराचा मेसेज

‘पाठवून झाल्यावर कळतं, नको होतं पाठवायला.’ समुपदेशक म्हणून फोनबद्दलच्या ज्या तक्रारी ऐकते, त्यांत माझ्या कानावर सर्वांत जास्त पडणारी ही तक्रार. मुलांच्या मोबाइलवेडाची चिंता घेऊन आलेले आईबापही थोड्या वेळाने हळूच हेच सांगतात. मालवण तालुक्यातल्या एका काकांची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका निवृत्त शिक्षक. घर सामायिक, मागे माड आणि हापूसची कलमं, सातबाऱ्यावर सगळ्या चुलत भावंडांची नावं आणि त्यातली बहुतेक मंडळी मुंबईत. पावसाआधी कौलं परतणं, ढासळलेला गडगा रचणं, गणपतीची तयारी, सगळं काकांच्या गळ्यात. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री कुणीतरी विचारायचं, ‘यंदाच्या आंब्यांचा हिशोब कधी मिळणार?’ मिनिटाभरात काकांची व्हॉइस नोट, तीही आवाज चढवून. सकाळी वाईट वाटलं की ती डिलीट. पण मेसेज डिलीट केल्याची ओळ मागे उरतेच. मग ‘काय बोलला होतास ते पुन्हा बोल की’ म्हणून नवं भांडण.

बराच वेळ पुस्तकी मराठीत बोलून शेवटी म्हणाले, “बाय, माका गप ऱवाक जमणा नाय.”

घरच्यांचा सल्ला एकच, फोन बंद ठेवा. पण काकांच्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या, बुकिंग त्याच फोनवर येतं. शिवाय मन आवरायचा उपदेश मला अशा वेळी पटत नाही. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला संयम शिकवणारी मी कोण? राग आणि पाठवण्याचं बटण यांच्यामध्ये अंतरच ठेवलेलं नाही, ही त्या यंत्राची रचना आहे. ती बदलता येते.

हा विचार नवा नाही. लार्स हालनेस आणि योहान रेडस्ट्रॉम या स्वीडनमधल्या दोघांनी २००१ साली ‘स्लो टेक्नॉलॉजी’ची कल्पना मांडली होती: प्रत्येक यंत्र काम झटपट उरकण्यासाठीच का असावं, काही यंत्रं माणसाला थांबून विचार करायला वेळ देणारी का नसावीत? खुद्द व्हॉट्सॲपने २०१८ साली अफवांमुळे जमावाने माणसं मारल्यावर भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. म्हणजे कंपनीलाही वेग कुठे कमी करायचा ते कळतं, फक्त पाणी नाकापर्यंत यावं लागतं.

आम्ही काकांच्या मुलीला बोलावलं. बुकिंगला हात लावायचा नाही, ते झटपटच हवं. ग्रुपवर मात्र फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सेटिंग करून घेतली आणि ॲडमिन केली मुंबईतल्या एका शांत स्वभावाच्या वहिनींना. घर-जमिनीचं सगळं ईमेलवर. जीमेलमध्ये पाठवण्याची वेळ आधी ठरवून ठेवता येते, आणि त्या वेळेपर्यंत मेल रद्द केली की ती पुन्हा मसुद्यात येते. ठरलं असं की रात्री हवं ते लिहायचं, पण वेळ टाकायची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची. नुसतं उत्तर लांबवलं असतं तर ‘वाचूनही गप्प बसलाय’ असा अर्थ निघाला असता, म्हणून हा नियम काकांनीच भावंडांना आधी कळवला. माझ्या मते ही पायरी सेटिंगपेक्षा महत्त्वाची.

पुढच्या भेटीत काकांनी रद्द केलेली एक मेल दाखवली. पहिल्या पाच ओळींत ‘तुम्ही’ नऊ वेळा. सकाळी बागेला पाणी लावून आल्यावर त्यांनी ती उघडली होती. पाठवलेल्या मेलमध्ये उरला होता कौलांचा खर्च, गड्यांची मजुरी, आणि शेवटी एक वाक्य: ‘चतुर्थीला येता, पण घर वर्षभर मी राखतो, हे कोणी बोलून दाखवत नाही.’ खरी गोष्ट ही होती. व्हॉइस नोटमध्ये ती कधीच आली नसती.

एका भावाने त्यावर फोन केला, दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही. काकाही अधूनमधून पुतण्याच्या फोनवरून तोंड सोडतात, त्याला माझ्याकडे सेटिंग नाही. आणि सामायिक जमिनीच्या वाटपाचा प्रश्न समुपदेशनाचा नव्हेच. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ८५ आहे. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मी त्यांना वकिलाकडे धाडलं आहे.