सॅटेलाइट असताना फुगा कशाला?

प्रश्न : दादा, शाळेत अंटार्क्टिकाचा व्हिडिओ दाखवला, त्यात ते लोक एवढ्या थंडीवाऱ्यात धडपडत मोठा फुगा सोडत होते. आता इतके सॅटेलाइट आहेत, मग फुगा कशाला? – नववीतली वाचक, चोपडा

उत्तर : एकदम बरोबर जागी बोट ठेवलंस ताई. सॅटेलाइट लांबून बघतो आणि फुगा त्या हवेतूनच जातो, म्हणून. खाली लटकलेली रेडिओसोंडची डबी तापमान, आर्द्रता, वारा सगळं रेडिओवरून कळवत मिनिटाला साधारण ३०० मीटर चढते, ३० किलोमीटरच्या आसपास दाब इतका कमी होतो की फुगा फुगून फुगून फुटतो. आपल्या मुंबई-नागपूरहून पण असे फुगे सुटतात.

पण ध्रुवावर खरी गोष्ट ओझोनची, म्हणजे सूर्याची घातक अतिनील किरणं अडवणाऱ्या वायूची. तिथे सोबत थर्माकोलची एक पेटी जाते, आत छोटा पंप आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, पंप बाहेरची हवा त्यात बुडबुडवतो, ओझोन असला की आयोडीन सुटतं आणि बारीकसा करंट वाहतो, त्यावरून ओझोन किती ते कळतं. ऑक्टोबरच्या सुमारास दक्षिण ध्रुवावर सोडलेला फुगा १४ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात शिरला की ओझोन जवळपास शून्यावर येतो, आणि अजून वर गेलं की परत दिसायला लागतो! म्हणजे ओझोनचं भोक आरपार नसतंच, मधला थर गायब असतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फारमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली स्टेशनवरची ओझोनची घट जगापुढे मांडली, पण ते यंत्र जमिनीवरचं, त्यात डोक्यावरचा एकूण ओझोन कळतो, कुठल्या थरातला गेला ते फुगाच सांगतो.

आणि तिकडे हिवाळ्यात कित्येक महिने सूर्यच उगवत नाही, त्यामुळे सूर्यप्रकाशावर ओझोन मोजणारे सॅटेलाइट तेव्हा कामाचे नाहीत. नेमकं त्याच अंधारात, वर उणे ७८ डिग्रीच्या खाली गेलं की ते खास ढग बनतात ज्यांच्यावर सीएफसीमधलं (पूर्वी फ्रिज-स्प्रेमध्ये वापरायचे ते वायू) क्लोरीन ओझोन खायला तयार होतं (जळगावच्या ४५ डिग्रीत वाढलेल्या आपल्याला ही थंडी डोक्यात पण येत नाही), आणि वसंतात ऊन आलं की फडशा सुरू. त्या थंडीत रबर कडक होतं म्हणून दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात पातळ प्लास्टिकचे फुगे वापरतात. अंटार्क्टिकातल्या आपल्या भारताच्या मैत्री स्टेशनवरून पण हवामान खात्याच्या लोकांनी ओझोनचे फुगे सोडलेत, याचा मला फार अभिमान आहे.

१९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर सीएफसी बंद होत गेले, आता तो थर भरतोय का आणि नक्की कुठल्या उंचीवर, हे बघायला आजही फुगाच सोडतात. पेटीतल्या आयोडीनचं काही कळलं नसेल तर परत लिही, सविस्तर सांगतो.