'किलर बेट' आणि 'टू लेट फॉर टिअर्स': पोस्टर, प्रिंट की डिस्क?

तुम्ही विचारलंत: 'किलर बेट'चं पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं म्हणून विकायला आलंय, ते घ्यावं, सोळा एमएम प्रिंट घ्यावी की डिस्क? दोन्ही नावांचा सिनेमा एकच आहे. दिग्दर्शक बायरन हॅस्किनचा अमेरिकी गुन्हेपट 'टू लेट फॉर टिअर्स' १९४९ चा. १९५५ मध्ये तो 'किलर बेट' नावाने पुन्हा लागला. म्हणजे तुम्हाला दाखवलेलं 'किलर बेट'चं पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो.

मूळ वन-शीट (थिएटरात लावायचं ठरलेल्या मापाचं पोस्टर) साधारण २७ बाय ४१ इंचाचं असतं. खालच्या कडेला एनएसएस (नॅशनल स्क्रीन सर्व्हिस, थिएटरांना पोस्टरं पुरवणारी कंपनी) क्रमांक असेल तर तो ४९ ने सुरू व्हायला हवा. आधी 'आर' असेल तर पुनर्प्रदर्शनाचं. त्या काळी पोस्टरं घडी घालूनच थिएटरांत जायची, त्यामुळे घडीची खूणच नसेल तर रीप्रिंटची शंका घ्या. कापडावर चढवलेलं असेल तर तिरप्या उजेडात घड्यांवर नंतर भरलेला रंग बघा.

तुम्ही विचारलेल्या सोळा एमएम प्रिंटचं गणित सोपं आहे: मिनिटाला ३६ फूट. सिनेमा सुमारे १०० मिनिटांचा, म्हणजे ३,६०० फुटांच्या आसपास फिल्म हवी. बरीच कमी भरली तर टीव्हीसाठी कापलेली किंवा तुटून जोडलेली असणार. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर घेऊ नका. ॲसिटेट (फिल्मची पट्टी ज्याची बनते ते प्लास्टिक) कुजायला लागलं की फिल्म आकसते, भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते.

पाहण्यासाठी मात्र ब्ल्यू-रेच घ्या. कॉपीराइट संपल्यामुळे घासलेल्या प्रिंटांवरून काढलेल्या मळकट डीव्हीडींचा सुळसुळाट होता. यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या आर्काइव्हने, जुने काळोखे गुन्हेपट जपणाऱ्या फिल्म न्वार फाउंडेशनच्या मदतीने, फ्रान्समध्ये मिळालेली नायट्रेट ड्यूप निगेटिव्ह (जुन्या नायट्रेट फिल्मवर काढलेली निगेटिव्हची नक्कल) मुख्य धरून तो २०१४ मध्ये दुरुस्त केला. त्यावरून फ्लिकर ॲली या कंपनीने काढलेली डिस्क २०१६ ची. फरक सुरुवातीलाच कळतो. रात्रीचा डोंगररस्ता, समोरून आलेल्या गाडीतून उघड्या मोटारीत पडलेली ६०,००० डॉलरची बॅग, आणि पाठलाग सुरू होताच स्वतः स्टिअरिंगवर बसणारी नायिका लिझाबेथ स्कॉट. मळकट प्रतींत यातला निम्मा प्रसंग काळोखात बुडतो, आणि तिचा लोभ तर तिथेच तिच्या चेहऱ्यावर उमटतो. बॅग मागायला आलेला डॅन ड्युरिया आधी तिला थोबाडीत मारतो आणि पुढे तिलाच घाबरू लागतो. हा उलटा प्रवास इतका नेमका क्वचितच कुठे दिसतो; संग्राहक या सिनेमासाठी जीव टाकतात तो यासाठीच.

मागवण्याआधी डिस्कचा रीजन (ती कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते तो कोड) विचारा: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. रीजन-लॉक असलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही.