हातावरचे पोट असणाऱ्यांची पोटे का सुटू लागली?

आपण विचारले आहे की, आपल्या ५३ वर्षांच्या मावशी सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्यात द्राक्षबागांत मजुरीला जातात, दिवसातून दोनदाच जेवतात, हॉटेलचे काही खात नाहीत, तरीही गेल्या आठ-दहा वर्षांत त्यांचे पोट सुटले आणि आता रक्तातील साखरही वाढलेली निघाली. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा आजार असताना हे घडले कसे? मी डॉक्टर नाही. याच भागात माझे किराणा दुकान आहे, ते वडिलांनी थाटले होते आणि गेली जवळजवळ तीस वर्षे गल्ल्यावर मी बसतो. त्यामुळे माझे उत्तर थोडे वाचनावर आणि बरेचसे दुकानातल्या वह्यांवर आधारलेले आहे.

वडिलांच्या उधारीच्या लाल वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यांतील १९८९ सालच्या एका वहीत पाच माणसांच्या एका मजूर कुटुंबाचा महिन्याचा बाजार असा आहे: तेल दीड किलो, साखर दोन किलो, गूळ, चहापूड, हरभरा डाळ, मीठ, काड्यापेट्या. ज्वारी या यादीत नाही, कारण ती घरच्या कणगीत होती, मटकी-हुलगेही घरचेच. त्याच घरातला मुलगा आज माझा गिऱ्हाईक आहे, घरात माणसे आजही पाचच आहेत, आणि त्याच्या यादीत साडेचार किलो तेल, सात किलो साखर, मैदा, पोहे, शाबू, टोस्ट, फरसाण, नूडल्स आणि बिस्किटांचे पुडे आहेत. ज्वारी आजही यादीत नाही, पण आता ती कणगीतही नाही.

यातले तेल आपण नीट मोजू. तीन किलो तेल वाढले म्हणजे महिन्याला २७,००० उष्मांक वाढले, आणि पाच माणसांत वाटले तर रोज दरडोई १८०, म्हणजे जवळजवळ एका मध्यम भाकरीइतके. कोणी एक घास जास्त खाल्ला नाही, ताटातली भाजी तेवढीच दिसते, फक्त तिच्यावर तवंग आला. पूर्वी शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात करडईच्या ओळी असत, तिचे तेल घाण्यावर निघे आणि ते महाग असल्यामुळे बाया पळीने मोजून घालत. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली, आणि इंडोनेशिया-मलेशियातून येणारे हे तेल बाजारात सर्वांत स्वस्त पडू लागले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. वडापाव, खारी, फरसाण, बिस्किटे हे सारे स्वस्तात मिळते, त्याच्या मुळाशी हे तेल आहे.

ज्वारी का गेली, याचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. म्हैसाळ योजनेचे पाणी आले आणि जिथे शाळू पिकत होता तिथे द्राक्षे आणि ऊस उभा राहिला. कोणाही शहाण्या शेतकऱ्याने हेच केले असते. राहिलेली ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणारा माणशी पाच किलो गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून पूर्णपणे मोफत आहे. शिवाय ज्वारीचे पीठ साठवता येत नाही. ते जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, आणि सकाळी सातला बागेत हजर व्हायचे असलेल्या बाईला आठवड्यातून दोनदा गिरणीत जाणे परवडत नाही. भाकरी सोडल्याबद्दल बायकांना बोल लावणारे लेख मी वाचतो, तेव्हा लिहिणाऱ्याने कधी परातीत हात घातला आहे का, अशी शंका येते.

आता 'दोनदाच जेवण' याविषयी. आपल्याकडे चहा जेवणात कोणी धरत नाही. पहाटे घरी एक कप, बागेत दहा वाजता मालकाच्या घरून किटलीतून आलेला आणि सोबत बिस्किटाचा पुडा, दुपारी पुन्हा, संध्याकाळी घरी आल्यावर, आणि कोणी पाहुणे आले तर त्यांच्याबरोबर: असे पाच कप सहज होतात. प्रत्येक कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम धरले तरी दिवसाला पन्नास ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची सांगितलेली कमाल मर्यादा दोन हजार उष्मांकांच्या आहाराला साधारण एवढीच आहे, आणि याच्या निम्मी असेल तर बरे, असेही तिने म्हटले आहे. ही मर्यादा मावशी बिस्कीट तोंडात टाकण्यापूर्वीच गाठतात. आमचा जिल्हा उसाचा. कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला सवलतीत साखर मिळते, आणि घरात पोते आले की हात सैल सुटतोच.

राहिला पुड्यांचा प्रश्न, आणि इथे माझा धंदाही आरोपी आहे. दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात, त्या सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, कारण माल टाकणारा विक्रेता त्या तशाच बांधून देतो. कित्येक वर्षे किंमत पाचच रुपये आहे. आतले वजन तेवढे कमी होत गेले. दुकानदाराच्या बाजूने हिशोब असा की, केळे दोन दिवसांत काळे पडते आणि त्याचा तोटा माझा, तर पुडा चार महिने टिकतो. एकदा मी माळा आत नेल्या आणि त्या जागी फुटाणे व भाजलेल्या शेंगांच्या बरण्या ठेवल्या. मुले स्टँडजवळच्या दुकानात जाऊ लागली, त्यांच्या मागोमाग त्यांच्या आयांचा बाजारही तिकडे गेला, आणि दीड महिन्याने माळा परत दारात आल्या. बरण्या आहेत, पण त्यांचे गिऱ्हाईक बहुधा पन्नाशीच्या पुढचे असते.

असे पदार्थ मोहाने जास्त खाल्ले जातात, हे केवळ आजीबाईंचे मत नव्हे. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे घरगुती पद्धतीचे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढले.

लोक आळशी झाले, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. मोट गेली, जाते गेले, पाण्याची खेप गेली हे खरे. पण एप्रिल छाटणीच्या उन्हात दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बाईला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

तरीही कष्ट करणाऱ्या आणि अंगाने फार जाड नसलेल्या माणसाला साखरेचा आजार का होतो, याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मूळ विचार असा की, आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेले शरीर टंचाईच्या तयारीनेच जन्माला येते आणि पुढे सुबत्ता मिळाली की ती त्याला झेपत नाही. आपल्या मावशींचा जन्म बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे झाला असावा, जेव्हा आमच्या भागात खडी फोडून सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, खाल्ला जात होता. एका व्यक्तीचा निवाडा यावरून करता येत नाही, पण एका पिढीविषयी हे बरेच काही सांगते.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा वेगळी मानतात: बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे पाश्चात्त्य मापाने मी ठीक. पण कंबर ९६ भरली आणि साखर सीमेवर निघाली.

हे फक्त आपल्याकडे घडते आहे असेही नाही. २०२२ साली जगात २५० कोटी प्रौढांचे वजन जास्त होते आणि त्यांतील ८९ कोटी लठ्ठ होते. मेक्सिको, इजिप्त, सामोआ अशा देशांत हे प्रमाण फार मोठे आहे. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २५ च्या वर बॉडी मास इंडेक्स असलेल्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या, आणि त्याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ५३ वरून ५७ टक्के झाल्या. म्हणजे उष्मांक वाढले, लोह वाढले नाही. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड सोडापेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, ते योग्यच. पण त्याच दिवशी बिस्किटे, फरसाण आणि नूडल्सवरचा कर ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला स्वस्त मिळते म्हणून मी दुकानदार म्हणून नाराज नाही. वाचक म्हणून आहे.

मावशींना एक वेळचे जेवण सोडायला सांगू नये. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे. तेलाचा कॅन आणण्याऐवजी आठवड्याला अर्धा किलोच आणले की हात आपोआप आखडतो. रेशनचा भात निम्मा करून त्या जागी मोडाची मटकी घेतली तर पोटही भरते. बागेतला चहा नाकारायला मात्र सांगू नका. टोळीत एकटीने नको म्हणणे अवघड असते आणि एका बाईसाठी वेगळी किटली कोणी आणत नाही. घरचे तीन कप बिनसाखरेचे करावेत. पहिले पंधरा दिवस तो चहा काढ्यासारखा लागतो, नंतर बाहेरचा गोड चहा अर्धा कपही घशाखाली उतरत नाही. माझे तसेच झाले.