बँक बंद असल्याचं आधी का कळवत नाहीत?

तुमचे वडील अडत्याचा चेक घेऊन तासगावहून सांगलीत आले, शाखेचं शटर बंद, मोबाईलवर मेसेज नाही. बँकेवर कळवायचं बंधन नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीतच एका बँकेत काउंटरवर बसतो, त्यामुळे शिव्या आम्हीच खातो.

ठरलेल्या सुट्टीचा मेसेज सहसा येत नाही, कारण ती यादी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर झालेली असते. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर मुंबईची यादी बघा, सांगलीला तीच लागू. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद. पाचवा आला तर चालू. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्टीवर मात्र जाऊ नका. त्या दिवशी शाळा-कचेऱ्या बंद असतात, पण बँका त्यातून वगळलेल्या असतात. पतसंस्थांचं गणित पुन्हा वेगळं.

खरी पंचाईत अचानक बंदची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. तोवर सखल भागातली शाखा आवरायला घेतलेली असते. लाइट जाते, लिंक जाते, आणि मेसेज पाठवायची सोय मॅनेजरकडे नसतेच, ती हेड ऑफिसकडे. त्यात ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे अशा मेसेजचा मजकूर आधी नोंदवून ठेवावा लागतो, ऐनवेळी नवा लिहून धाडता येत नाही. पण शाखा आणि तारीख यांची जागा रिकामी ठेवून एक मजकूर आधीच नोंदवता येतो. तो नोंदवून ठेवला नसेल तर दोष पुराचा नाही, बँकेच्या आळसाचा.

मग उरतो शटरवर चिकटपट्टीनं डकवलेला कागद : ‘आज बँक बंद राहील.’ तारीख नाही, सही-शिक्का नाही. चार दिवस तोच कागद भिजत लटकतो, त्यातला आज कुठला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं! तारीख, वार, कधी उघडणार, तोवर कुठली शाखा चालू आणि एटीएममध्ये पैसे आहेत का, एवढं लिहायला पाच मिनिटं पुरतात. ते नसेल तर मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

चेकची काळजी करू नका, त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. वडिलांचं खातं असलेल्या बँकेच्या दुसऱ्या शाखेतही भरता येईल. आणि पावसाळ्यात निघण्याआधी थेट शाखेत फोन करा. टोल फ्रीवर बसलेल्या माणसाला सांगलीतलं शटर दिसत नाही.